चरित्रकार आला, टाळ्या झाल्या, पुढे काय?

पिंट्यानं कुठल्याशा अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या नावाच्या ग्रंथालयातलं एका चरित्रकाराचं व्याख्यान मोबाइलवर पाहिलं आणि काल कट्ट्यावर तेच लावून धरलं. "काय बोलतो तो माणूस! जणू व्हाइट हाउसमध्येच राहायला होता."

"पुस्तक खपवायला आलेला असतो रे," वकील म्हणाला. "गावोगाव हिंडायचं, तासभर किस्से सांगायचे, मग टेबलामागे बसून सह्या ठोकायच्या. आणि बोलावणार कोण? ज्याच्यावर पुस्तक, त्याच्याच नावाची संस्था. देवळात उभं राहून देवाची उणीदुणी काढायला पुजारी कुणाला आमंत्रण देतो का?"

मास्तरला हे झोंबलं. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. "देऊळ नाही, कागदांचं कोठार आहे ते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनं सुरुवात केली, १९४१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचं त्याचं ग्रंथालय लोकांसाठी उघडलं. १९५५ मध्ये त्याचा कायदा झाला. इमारत देणग्यांतून उभी करायची आणि सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं ती चालवायची, अशी रीत."

"देणग्यांतून म्हणालास ना? मिटलं तर मग!" वकिलाला साक्षीदाराच्या तोंडून हवं ते मिळालं होतं. "निक्सनचंच बघ. १९९० मध्ये योर्बा लिंडाला ग्रंथालय उघडायच्या वेळी तिथल्या संचालकानं जाहीर करून टाकलं, बॉब वुडवर्डला अभ्यासाला आत घेणार नाही. निक्सनला राष्ट्राध्यक्षपद सोडायला लावणारं वॉटरगेट प्रकरण ज्या पत्रकारानं खणून काढलं, त्यालाच दार बंद!"

"तेव्हा ते खासगी होतं. २००७ मध्ये सरकारकडे आलं, संचालक म्हणून टिमोथी नफ्ताली हा इतिहासकार बसला. २००९ मध्ये तिथे भाषणाला कोण आलं? जॉन डीन! १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे निक्सनविरुद्ध साक्ष देणारा त्याचाच वकील. निक्सनभक्तांनी आदळआपट केली, पण डीन आला आणि बोलला. पुढे २०११ मध्ये वॉटरगेटचं दालनही नव्यानं मांडलं."

वकील गप्प बसला, पण पटलेलं नव्हतं. मला विचाराल तर कुणी बोलावलं, मानधन कुणी दिलं हा वाद दुय्यम. असा लेखक समोर आला की एकच विचारावं: बाबा रे, हे तुला कळलं कसं? प्रश्नोत्तरांत लोक विचारतात भलतंच. अमका आज असता तर काय केलं असतं? मग पाहुणा खुशीत येऊन दहा मिनिटं हवेत बाण मारतो.

म्हणून मी चरित्रकार रॉबर्ट कॅरोची गोष्ट काढली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनच्या चरित्रापायी हा माणूस बायकोसह टेक्सासच्या डोंगराळ भागात तीन वर्षं जाऊन राहिला. पहिला खंड १९८२ चा, चौथा २०१२ चा, पाचवा अजून यायचाय. जॉन्सनचा धाकटा भाऊ सॅम ह्यूस्टन त्याला नेहमीचे, घासून गुळगुळीत झालेले किस्से ऐकवायचा. कॅरोला भरवसा वाटेना. मग एकदा, पर्यटक निघून गेल्यावर, परवानगी काढून त्यानं भावाला जॉन्सन सिटीतल्या लहानपणच्या घरी नेलं. जेवणाच्या टेबलाशी त्याच्या तेव्हाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः समोर न बसता पाठीमागे बसला. बाप आणि लिंडन यांची भांडणं कशी व्हायची, एवढंच विचारलं. भाऊ आधी अडखळत बोलला, मग दोघांच्या आवाजात ओरडायलाच लागला. ते ओसरल्यावर कॅरो म्हणाला, आता मागचे ते किस्से जरा तपशिलानं सांगा. भाऊ म्हणाला, नाही सांगता येणार. ते घडलेच नव्हते.

"पाठीमागे बसला?" पिंट्या.

"समोर माणूस दिसला की मुलाखत आठवते. माणूस पाठीमागे असला की घर आठवतं," मास्तर म्हणाला.

"सगळे कॅरो नसतात," वकिलानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "स्टीफन अँब्रोज घ्या. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा नामांकित चरित्रकार. शेकडो तास त्यांच्याजवळ बसून बोललो म्हणायचा. आयझेनहॉवरच्या ॲबिलीन गावातल्या ग्रंथालयात जपलेल्या त्याच्या भेटीगाठींच्या नोंदी काढल्या तर काय निघालं? भेटी तीन. सगळे मिळून पाच ताससुद्धा नाहीत. शिवाय आयझेनहॉवरनंच मला बोलावलं म्हणायचा, आणि पत्रं सांगतात की आधी यानंच लिहिलं होतं."

मास्तर हसला. "आणि त्या नोंदी काढल्या कुणी, वकीलसाहेब? तिथल्याच उपसंचालकानं. दोघांच्या सहवासाचं कौतुक करणारं प्रदर्शन लावायचं होतं म्हणून कागद चाळायला बसला आणि हे हाती लागलं. तुझा पुजारीच म्हणायचा की तो!"

"काढल्या, पण जगापुढे आल्या कधी? २०१० मध्ये. अँब्रोज २००२ मध्येच गेला. तोवर सभागृहं टाळ्या वाजवत होती. एकानंही उठून विचारलं नाही, की साहेब, हे शेकडो तास नेमके कुठल्या तारखांचे?"

यावर मास्तरकडे उत्तर नव्हतं. पिंट्या मात्र मोबाइल काढून ते व्याख्यान पुढे सरकवत होता. प्रश्नोत्तरं कुठून सुरू होतात ते त्याला बघायचं होतं.