एचआर शिकणारी मुलं युनियनला का टाळतात?

केंद्राचे चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाले तेव्हापासून आमच्या पुण्याच्या एमपीएम (एचआरची पदव्युत्तर पदवी) बॅचच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. त्याआधी सप्टेंबरात राज्य सरकारने कारखान्यातली रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायचं ठरवलं तेव्हाही असंच पेटलं होतं. अर्धे म्हणतात बरं झालं, तीनशेच्या आतल्या कारखान्याला कामगार कमी करायला आता सरकारची परवानगी नको, संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावीच लागणार, म्हणजे इंडस्ट्री येईल. उरलेले म्हणतात कामगार संपला. मग दोन्हीकडचे लोक फिरून १९८२ च्या गिरणी संपावर येतात, डॉ. दत्ता सामंतांमुळे गिरण्या बुडाल्या की मालकांना जमिनीच विकायच्या होत्या, आणि गाडी तिथेच अडकते.

मी इथे न्यू जर्सीत बांधकाम कामगारांच्या एका युनियनच्या बेनिफिट फंडात काम करते. एचआरमधलंच काम, पण आपल्याकडे एचआर म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं, भरती, अप्रेझल, ऑफिसातला रांगोळीचा कार्यक्रम, त्यातलं जवळपास काहीच नाही. आणि ग्रुपवरची भांडणं वाचताना मला सारखं वाटतं की यात मालक आहे, पुढारी आहे, सरकार आहे, पण कामगाराच्या पीएफचा, पेन्शनचा, आजारपणाचा पैसा रोज सांभाळणारा माणूस कुठेच नाही. त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

इथे १९४७ चा टाफ्ट-हार्टली कायदा आहे. कायदा युनियनच्या बाजूचा अजिबात नव्हता, उलट युनियनला वेसण घालायलाच आणला होता. मालकाने युनियनच्या हातात थेट पैसे द्यायचे नाहीत असं त्यात आहे, पण एक वाट ठेवली, स्वतंत्र ट्रस्ट करा, त्यावर मालकांचे आणि युनियनचे ट्रस्टी सारख्या संख्येने बसवा आणि त्यात पैसे भरा. दोन्ही बाजू अडून बसल्या तर निवाड्याला तटस्थ माणूस. या ट्रस्टवर, म्हणजे आमच्यासारख्या फंडांवर, आज इथल्या लाखो सुतार, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेल कामगारांचं औषधपाणी आणि म्हातारपण चालतं.

सुताराचं उदाहरण घ्या. तो वर्षात तीन-चार कंत्राटदारांकडे काम करतो, कुणाकडे दोन महिने, कुणाकडे तीन आठवडे. एकट्या कंत्राटदाराने त्याचा विमा काढायचा म्हटलं तर दर वेळी तुटणार. म्हणून प्रत्येक कंत्राटदार तासामागे ठरलेली रक्कम फंडाला पाठवतो, सोबत कुणी किती तास काम केलं त्याचा महिन्याचा रिपोर्ट, आणि जास्तीचे तास त्या कामगाराच्या नावावर साठतात. हिवाळ्यात काम मंदावलं की त्या साठ्यावर घरच्यांचा विमा चालू राहतो. आमचं काम म्हणजे हे रिपोर्ट तपासणं, ज्याने पैसे थकवले त्याच्या मागे लागणं, गरज पडली तर त्याचं पेरोल ऑडिट करून कोर्टात जाणं, आणि बायकोचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे नि नवऱ्याचे तास कमी पडतायत असा फोन आला की नियमात बसणारी वाट शोधणं. या कामात मला मनापासून समाधान आहे.

आता कुणी म्हणेल अमेरिकेचं गुणगान सुरू झालं. तसं नाही. इथे खासगी क्षेत्रात शंभरातले जेमतेम सहाजण युनियनमध्ये आहेत. बाकीच्यांची नोकरी गेली की विमा गेला, चालू ठेवायचा तर मालकाचा वाटाही स्वतःच भरायचा, आणि बेकार माणसाला ते झेपत नाही. बाळंतपणाची पगारी रजा देशभर लागू करणारा कायदाच नाही, आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवडे आहे हे इथल्या बायकांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. आणि फंड बुडूही शकतात. ट्रक ड्रायव्हरांचा सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंड अगदी बुडायला आला होता, कारण १९८० नंतर ट्रक धंद्यातल्या कंपन्या भराभर बंद पडल्या, पैसे भरणारे कमी आणि पेन्शन घेणारे जास्त झाले, त्यात २००८ ला शेअर मार्केट कोसळलं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला जवळपास ३६ अब्ज डॉलर द्यावे लागले. ते दिले म्हणून साडेतीन लाखांवर लोकांचं पेन्शन वाचलं. हे सगळं मी रोज बघते, तरी म्हणते की दोन्ही बाजूंनी मिळून पैसा सांभाळायची ही पद्धत बरोबर आहे.

आणि ती आपल्याला नवीन नाहीच! ग्रुपवर हे लिहिलं तर कुणी उत्तरही दिलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाला एक मालक नसतो, आज या पेढीवर तर उद्या त्या गोदामात, अगदी आमच्या सुतारासारखं. म्हणून मालकाने नोंदणी करायची, मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची, मंडळाने टोळीला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना बघायचा. मंडळावर मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे, शिवाय सरकारचे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळते ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि ती महाराष्ट्राने केली, तेही कामगाराने मालक बदलला तरी हक्क सुटणार नाही अशा पद्धतीने.

माथाडीच्या नावाखाली खंडणी चालते ही मालकांची तक्रार खोटी नाही, पुणे-चाकणच्या कारखानदारांकडून मी ती ऐकलीय. पण त्यावर उपाय गुंडाला पकडणं हा आहे, मंडळ खिळखिळं करणं हा नाही. मंडळांवर पूर्ण सदस्य नेमा, ही माथाडी संघटनांची कितीतरी वर्षांची मागणी आहे, तीही तशीच पडून राहते. ज्या मंडळावर कामगारही नीट बसलेला नाही आणि मालकही नाही तिथे लेव्हीचा हिशेब कुणाला विचारायचा?

हे आत्ताच बोलायचं कारण म्हणजे गिग कामगार, ॲपवरून मिळेल तसं काम करणारे. त्या चार कोडपैकी सोशल सिक्युरिटी कोडमध्ये ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या फंडात भरायची असं आहे. चांगलंच आहे. पण डिलिव्हरीचा मुलगा दुपारी एका ॲपवर असतो, रात्री दुसऱ्या, त्याचं काम मोजणार कोण, कंपनीने कमी दाखवलं तर तपासणार कोण, त्याचा अपघात झाला तर फोन उचलणार कोण? यासाठी शिकलेली माणसं लागतात, शेकड्याने लागतील. आणि आपली एमपीएमची पोरं कॅम्पसला आयटी कंपनीत रिक्रूटर व्हायला रांग लावतात, युनियनचं नाव काढलं की घरचे घाबरतात. त्यांचा दोष नाही, कॉलेजात त्यांना हे काम म्हणून कुणी दाखवलंच नाही. लेबर लॉचा पेपर असतो तो कलमं पाठ करण्यापुरता. इथे बेनिफिट्सचा वेगळा सर्टिफिकेट कोर्स आहे, सीईबीएस नावाचा, नोकरी करता करता लोक तो करतात आणि युनियनच्या फंडातही त्याला मान आहे. मुंबईत परळची सरकारी लेबर इन्स्टिट्यूट तर १९४७ पासून आहे, तिथे असा कोर्स सहज उभा राहील.

आमच्या बॅचमधले दोघं आता एमपीएमला व्हिजिटिंग शिकवतात. त्यांना मी लिहिलंय की इंटर्नशिपची पोरं दर वेळी मगरपट्ट्याच्या आयटी कंपन्यांत नका पाठवू, चार जणांना तरी महिनाभर मार्केट यार्डात माथाडी मंडळाच्या कामावर बसवा, लेव्ही कशी येते, कुठे थकते, ग्रॅच्युइटीचा अर्ज कुठे अडतो ते त्यांना स्वतः बघू द्या. एकीने कळवलंय की मंडळाच्या ऑफिसात विचारते. तिला लागेल ती मदत मी इथून करणार आहे, रिपोर्ट तपासायची आमची पद्धत, ऑडिटची यादी, सगळं मराठीत लिहून द्यायला बसलेय.