तारेचा तोल आणि चित्रकलेचा तास

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण दहावीत मिळावेत की नाहीत, हा वाद गावाकडच्या प्रत्येक फोनवर माझ्या कानी येतो. हे गुण गेले तर चित्रकलेचा तासही गणिताला जाईल, असे कलाशिक्षक असलेल्या दादाचे म्हणणे आहे आणि त्याची भीती खरी आहे. पण वॉशिंग्टनजवळच्या शाळेत कला शिकवताना मला वाटते की, त्या तासात मुलांच्या हाती काय पडते, हा प्रश्न या वादात मागेच राहतो.

दर वर्षी मी मुलांना नॅशनल गॅलरीच्या ईस्ट बिल्डिंगमध्ये अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर यांचे झुलते शिल्प दाखवायला नेते. अशा शिल्पांना ‘मोबाइल’ हे नाव फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९३१ मध्ये दिले. कॉल्डर १९७६ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी टांगले गेलेले हे शिल्प ७६ फूट रुंद, सुमारे ४१७ किलो वजनाचे असूनही मोटरीशिवाय, केवळ हवेच्या झुळकीने फिरते. तिथून थोड्या अंतरावर, अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाबाहेर, त्यांचे ‘ग्वेनफ्रिट्झ’ हे काळ्या पोलादी पत्र्यांचे स्थिर शिल्प, म्हणजे ‘स्टॅबाइल’, उभे आहे. तिथे हलायचे असते ते आपण; चार पावले टाकली की दोन पत्र्यांमधली फट मिटते आणि दुसरीच उघडते.

वर्गात परतल्यावर स्वतःचे छोटे मोबाइल करायला तार, पक्कड आणि पुठ्ठा. एका मुलाने टांगण्यासाठी तारेच्या बरोबर मधोमध कडी वळवली आणि पुठ्ठ्याचे मोठे पान असलेली बाजू खाली गेली. त्याने कडी उलगडली, तार तर्जनीवर आडवी ठेवली आणि बोट जड पानाकडे केसभर सरकवत नेले. एका जागी तार थरथरून स्थिरावली, तेव्हा त्याने श्वास रोखून धरला होता. रचना सर्वांत खालच्या तारेपासून वर चढवावी लागते, कारण खाली एक पान वाढले तरी वरचा प्रत्येक तोल बदलतो. तरफेचा नियम त्याला बोटानेच कळला. कॉल्डर यांनी १९१९ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती, हे मी त्यानंतर सांगते.

इथले सगळे उत्तम आहे असे मात्र नाही. इथल्या माझ्या बहुतेक मुलांना समोरचा तांब्या नीट पाहून काढता येत नाही. इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राने माझ्या नजरेला जी शिस्त लावली, ती मी त्यांना देऊ शकलेले नाही, त्यामुळे त्या परीक्षा बंद व्हाव्यात असे मी कधीच म्हणणार नाही. शिवाय कॉल्डर आपल्याला परके नाहीत. १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून ते अहमदाबादला आले आणि तिथे त्यांनी शिल्पे घडवली.

कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. दादाकडे तार आहे, पुठ्ठा आहे, शिकवण्याची हौसही आहे. पण पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलांची पहिली कडीसुद्धा वळून होत नाही. म्हणून वाढीव गुणांइतक्याच आग्रहाने त्याने आणि पालकांनी चित्रकलेसाठी आठवड्यातून एक जोडतास मागावा, असे मी त्याला कळवले आहे.