नॅनोकणांची बीजप्रक्रिया : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

झिंक ऑक्साइडच्या, म्हणजे जस्ताच्या संयुगाच्या, नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी) बियाण्याचे बुरशीपासून रक्षण करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, मंगळवेढ्याच्या ज्वारीला गंधक पुरत असताना हा खटाटोप कशाला, शिवाय या धातूने जमीन नासेल आणि प्रयोगशाळेतले यश शेतात उतरणार नाही.

गंधकाविषयी आपला-माझा वाद नाही. दाणेकाणी या ज्वारीच्या बुरशीजन्य रोगाची काळी भुकटी मळणीत चांगल्या दाण्यांना वरूनच चिकटते, त्यामुळे किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम ३०० मेशचे (अगदी बारीक दळलेले) गंधक चोळले की भागते. तिथे नॅनोकणांची वकिली मी करणार नाही.

जमीन नासण्याचा हिशेब मात्र मांडून पाहावा. हेक्टरी १० किलो बियाणे आणि किलोला १ ग्रॅम झिंक ऑक्साइड धरले, तर हेक्टरभर रानात जेमतेम ८ ग्रॅम जस्त पडते. उलट जस्ताची कमतरता भरून काढण्यासाठी आपण हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट टाकतो, त्यात ४ किलोंहून अधिक जस्त असते. खरी जोखीम रानाला नसून दाण्याला आहे, कारण हे सगळे जस्त नेमके कोवळ्या मुळाशी साठते आणि लिटरला २००० मिलिग्रॅम इतक्या तीव्र मिश्रणात मुळा, मोहरीवर्गीय अशा पिकांची मुळे खुंटल्याचे प्रयोगांत दिसलेले आहे.

आपला शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, किंबहुना तो आपण पुरेसा ताणलेला नाही. काचेच्या बशीत बुरशीच्या प्रत्येक तंतूला कण भिडतात. त्यांतून सुटणारे जस्ताचे आयन (विद्युतभारित कण) आणि ऑक्सिजनची क्रियाशील रूपे मिळून तिचे पेशीपटल फाडतात. सोलापूरच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात, जिथे सामू (आम्ल-विम्लपणाचे माप, पीएच) आठच्या आसपास असतो, झिंक ऑक्साइड फारसे विरघळत नाही आणि कणांचे पुंजके होतात, म्हणजे नॅनो आकाराचा फायदाच बुडतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांची गत तर याहून वाईट, कारण त्यांना काम करायला उजेड लागतो आणि पेरलेले बी अंधारात असते! म्हणून झिंक ऑक्साइडच्या लेपाकडून बियाण्यावरची बुरशी आणि उगवणीचे पहिले काही दिवस, एवढीच अपेक्षा मी ठेवतो; जमिनीतून पुढे येणारा ज्वारीचा खडखड्या (ताटे कोलमडवणारा रोग) किंवा हरभऱ्याची मर (झाडे वाळवणारा रोग) त्याने थांबेल, असे मी म्हणणार नाही.

सोबत ट्रायकोडर्माही चोळावा, ही आपली सूचना मात्र मान्य करणे कठीण आहे. ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीला मारणारी असली, तरी स्वतःही बुरशीच आहे, आणि झिंक ऑक्साइडला मित्र-शत्रू कळत नाही. एकाच दाण्यावर दोन्ही लावले, तर एकाचे पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक. मर रोखायची असेल तर ट्रायकोडर्माच निवडावा आणि लेप सोडून द्यावा.

राहता राहिला दुकानात मिळणाऱ्या ‘नॅनो’ बाटल्यांचा प्रश्न. बुरशीनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी लागते, तेव्हा वेष्टनावर नोंदणी क्रमांक आणि आपल्या पिकाचे नाव नसेल, तर दुकानदाराने कितीही गळ घातली तरी ती बाटली घेऊ नये.