जर्दाळूच्या बिया आणि हुंझाची शंभरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

हुंझा, म्हणजे पाकिस्तानच्या उत्तरेकडचं डोंगरी खोरं. तिथल्या लोकांच्या शंभरीची गोष्ट खरी नाही, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हुंझाची माणसं एकशेवीस वर्षं जगतात हे मॅककॅरिसनसारख्या गोऱ्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय, आणि मी औषध कंपन्यांची री ओढतोय, असं तुमचं म्हणणं. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की आईंना रोज जर्दाळूच्या दहा कडू बिया देता. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर बोलतो.

त्या बिया आजच बंद करा. त्यात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ साली बजावलं की मोठ्या माणसानंसुद्धा एका वेळी ३ लहान बियांच्या वर खाल्ल्या तर धोक्याची हद्द ओलांडली जाऊ शकते. या बियांत असतं म्हणून सांगतात ते 'बी-१७' नावाचं जीवनसत्त्वच नाही. बी कडू की गोड हे झाडागणिक ठरतं, आणि पाकिटातल्या बीला तिचं झाड कुठलं ते कसं विचारणार?

आता मॅककॅरिसन. तो १९०४ ते १९११ हुंझाजवळच्या गिलगिटला सर्जन होता आणि त्यानं हुंझाच्या लोकांच्या तब्येतीचं कौतुक केलं, हे खरंच आहे. पण त्याच गिलगिट भागातल्या गलगंडावर त्यानं वर्षानुवर्षं काम केलं, ते फॉरवर्डमध्ये येत नाही. कुन्नूरला त्यानं उंदरांवर केलेले गाजलेले प्रयोग 'हुंझा आहाराचे' म्हणून फिरतात. त्या उंदरांना मिळत होतं ते शिखांचं जेवण: चपाती, दूध, लोणी, डाळ, भाज्या, अधूनमधून मांस.

वयाचं म्हणाल तर हुंझाची बुरुशास्की ही लिपी नसलेली भाषा, जन्माची नोंद कुठे करणार? आमच्या आजीचंच सांगतो. 'मानमोडीच्या साथीत मी रांगत होते,' एवढंच तिला ठाऊक. २००३ साली ती गेली तेव्हा गावानं 'शंभरी गाठली' म्हणून सांगितलं. मानमोडी १९१८ची, म्हणजे आजी पंचाऐंशी-शहाऐंशीची. कुणी खोटं बोललं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं वय आदरानं वाढत जातं, तसं हुंझातही वाढलं असणार.

मला खरं सांगायचंय ते हुंझाच्या जेवणाबद्दल. ते जेवण मलाही फार आवडतं. दिरम फित्तीचंच बघा. गव्हाला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे आणि त्या पिठाची जाड भाकर भाजायची. साखरेचा कण नसतो, तरी ती गोड लागते, कारण मोड येताना गव्हातल्या पिष्टाची साखर होते. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करताना हेच करतात. वरून जर्दाळूच्या बियांचं तेल. उन्हाळ्यात घरांच्या धाब्यांवर जर्दाळू वाळत पडलेले असतात, थंडीत त्यांचंच सार होतं.

पण ही कोठी वर्षभर पुरत नसे. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेली चिंचोळी वावरं, पाणी हिमनदीवरून कोरून आणलेल्या पाटांचं, गुरांना चारा तुटपुंजा. थंडी सरता सरता कणग्यांचा तळ दिसायचा, आणि जव पिकेपर्यंत माणसं अर्धपोटी राहायची. जूनमध्ये गिनानीचा सण येतो तो पहिल्या जवाच्या ओंब्यांचा. त्या ओंब्यांचं एवढं कौतुक का, हे आधीचे दोन महिने डोळ्यांपुढे आणले की कळतं. बाहेरच्यांनी या उपासमारीला 'वसंतातला शुद्धिकारक उपवास' असं नाव दिलं. ते वाचलं की मला राग येतो, काका. पोरांच्या पोटात अन्न नाही आणि आपण त्यात दीर्घायुष्याचं रहस्य शोधतो! जॉन क्लार्क हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ १९५०-५१ मध्ये तिथे राहिला, दवाखाना चालवला. त्याच्याकडे हजारो रुग्ण आले: हिवताप, आव, जंत, डोळ्यांच्या खुपऱ्या. ती माणसं काटक होती, कष्टाळू होती. आजारीही पडत होती.

या लोकांना देवदूत केलं की त्यांचं आयुष्य दिसेनासं होतं, म्हणून मी मूळ लेख लिहिला. कुठल्याही कंपनीनं मला एक पैसा दिलेला नाही.

आईंना जर्दाळू जरूर द्या, रात्री भिजवून, आतली बी टाकून. मळमळ, चक्कर, डोकेदुखी किंवा धाप असं काही जाणवत असेल तर लगेच दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना बियांचं आठवणीनं सांगा. त्या कशा आहेत, ते इथेच कळवाल का?