दोन्ही हात आत

कालपासून घरात माझ्याकडे बघून कुणी ना कुणी हसतंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

डिसेंबरात बामणोलीला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर तंबू टाकायचं ठरलंय. बायको म्हणाली, सासूबाईंनी शिवलेली वाकळ न्या. वाकळ उबदार खरीच, पण जड, आणि पाण्याकाठी रातभर दव पडलं की ती सगळं पिऊन बसते, दोन दिवस वाळत नाही. मला हवी होती ती डोंगरात नेतात ती क्विल्ट. स्लीपिंग बॅगसारखीच, पण खालची बाजू नाही, चेन नाही, पट्ट्यांनी अंगाखालच्या मॅटला बांधायची. ऊब असते ती आतल्या भरावात अडकलेल्या हवेत. अंगाखाली दबून ती हवाच गेली, तर खालचा भाग नुसता वाहायचा कशाला? जमिनीचा गारवा मॅट अडवते.

एवढं सगळं मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात समजावून सांगितलं. दुकानदाराने गुलाबाच्या फुलांची डबल बेडची रजई काढून दाखवली. मग स्लीपिंग बॅग काढली आणि म्हणाला, "आत झोपून बघा की साहेब." फरशीवर आडवा झालो, त्याने गळ्यापर्यंत चेन ओढली, फोन वाजला, तो बाहेर गेला. चेनमध्ये आतलं कापड अडकलं होतं.

तेवढ्यात बॅटरी घ्यायला आलेले एक आजोबा माझ्या उशाशी उकिडवे बसले.

"पावणं, हात कुठं हायती?"

"आत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग रातच्याला बिबट्या आला म्हंजे?"

बिबट्या आल्यावर मोकळ्या हातांनी तरी मी काय करणार होतो, पण हे सुचायला उशीर झाला.

"आन् नाक खाजलं तर?"

त्या क्षणापासून खाजायला लागलं. आजोबांनी माझं गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, मामा कुणाच्या भावकीतला तेही विचारलं. मग दोन बॅटऱ्या घेऊन आळीपाळीने माझ्या तोंडावर मारल्या. "कुटलीचा उजेड जादा?"

"दुसरीचा," मी म्हणालो. काय करता?

"डोळं मिटून न्हाय, उघडून सांगा."

उघडून सांगितलं. दुसरीचाच होता. दारातून एक शाळकरी पोरगं डोकावलं, त्यालाही आत बोलावण्यात आलं. "बग रं, मानूस पोत्यात भरलाय." पोराने मोबाइल काढला. (तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कसा पोचला, याचा शोध चालू आहे.)

तोंडापुढे बॅगेचं लेबल लोंबत होतं. त्यावर एकच आकडा, ०°. आता या आकड्यांची युरोपात २००२ पासून रीतसर पद्धत आहे, आधी ईएन १३५३७ नावाची, आता आयएसओ २३५३७. पुतळ्यावर चाचणी घेतात आणि वेगवेगळी तापमानं काढतात. एक, ज्यात बाई आरामात झोपते. एक, ज्यात पुरुष अंगाचं मुटकुळं करून कसाबसा आठ तास झोपतो. आणि एक, ज्यात सहा तास बाई नुसती मरत नाही. बोटं गारठून गेली तर गेली. आपल्याकडच्या लेबलवर यातलं कुठलं छापलंय, हे कुणी सांगत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तिथे ही बॅग घेऊन गेलेला माणूस आरामात झोपणार की नुसता मरणार नाही, एवढं कळायला नको? परत आलेल्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "झिरो म्हणजे झिरो, साहेब."

चेनला मेणबत्ती घासून झाली. मग दुकानदाराने मला खांद्याला धरलं, आजोबांनी पायाकडून बॅग ओढली, आणि रनर तुटून काउंटरखाली गेला.

"आता घ्यावी लागेल."

"तुम्हीच ओढली होती चेन!"

"आत तुम्ही होता ना?"

या मुद्द्यावर बराच वेळ गेला. शेवटी आजोबांनी निवाडा केला: नव्या चेनचा खर्च निम्मा निम्मा. पंच म्हणून त्यांना बॅटरी वीस रुपयांनी स्वस्त मिळाली. मी पैसे दिले.

आज सकाळी तिथून जाताना बघतो तर तीच बॅग दारात टांगलेली. चेन बसवलेली नाहीच, उलट उरलीसुरली उसवून टाकलेली, आणि दुकानदार एका जोडप्याला सांगतोय, "ही क्विल्ट आहे, लेटेस्ट. चेनची भानगडच नाही." कालच्यापेक्षा दोनशे रुपये जास्त. माझ्या निम्म्या चेनचे पैसे त्याच्याच गल्ल्यात.