हजारातले एकवीस

आमचा सलूनवाला कटिंग झाली की मानेमागे गोल आरसा धरायचा आणि विचारायचा, "बरोबर न भाऊ?" मी मान हलवायचो, पैसे द्यायचो, निघायचो. गेल्या दीड वर्षापासून त्याने तो आरसा धरणंच सोडलं. आधी वाटलं, फुटला असेल. मग एक दिवस बाजूच्या खुर्चीतल्या कॉलेजच्या पोराला तोच आरसा डावीकडून-उजवीकडून दाखवून राहिला होता. मी काही बोललो नाही. माणुसकी कोणी दाखवली तर तिचा पंचनामा करू नये.

तर टाळूवर काय चाललंय ते मला उन्हाने सांगितलं. मे महिन्यात दुपारी, पारा ४५ च्या पुढे, व्हरायटी चौकात सिग्नल लागला म्हणून हेल्मेट काढून घाम पुसला, तर डोक्याच्या मागच्या बाजूला चटका बसला. तिथे कधी ऊन पोचतच नव्हतं, इतक्या वर्षांत. नागपूरकराला ऊन नवीन नाही, पण जागा नवीन होती.

मी २९ वर्षांचा, बँकेत कर्ज विभागात. लग्नाचं बघणं सुरू आहे. बायोडाटावरचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यात जे आहे ते आता तारण म्हणून कोणतीही बँक घेणार नाही.

बातमी घरात फुटली ती मोरीच्या जाळीमुळे. आईने एका सकाळी चिमटीत केसांचा गोळा धरून विचारलं, "हे कोणाचे?" घरात बाबांचा संबंधच नाही, वहिनीचे लांब. तेव्हापासून सल्ल्यांना ऊत आला. मावशीने कांद्याचा रस सांगितला. तो लावून ऑफिसात गेलो त्या दिवशी काउंटरपलीकडच्या बाई विचारत होत्या, "इथं जवळपास भज्यांचं दुकान आहे का जी?" आमचे मॅनेजर म्हणाले, टक्कल पडलं की पैसा येतो. आमच्या थकबाकीदारांच्या यादीतले चेहरे मला पाठ आहेत, म्हणून गप्प राहिलो. मित्राचं तर सरळच: "कायचं टेन्शन घेतं बे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ओरड न, केसगळती घेऊन जा गे मारबत!" आणि खोटं का सांगू, इडा पीडा गावाबाहेर नेणाऱ्या त्या मारबतीच्या पुतळ्यामागे, इतवारीच्या गर्दीत मी ओरडलोही. मारबत गेली. इडा पीडा किती नेली माहीत नाही, माझी इथंच आहे.

शेवटी रामदासपेठेत त्वचेच्या डॉक्टरांकडे. वेटिंगमध्ये सात पुरुष, त्यातले चार एसीत बसून टोप्या घातलेले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

डॉक्टरांनी भिंग लावून टाळू पाहिली आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर माणसाच्या डोक्याची चित्रं, केस मागे मागे सरकत जाणारी, एकूण सात पायऱ्या. "तुम्ही तिसरीत," त्या म्हणाल्या. सातवीच्या चित्रात फक्त कानांवरून मागे जाणारी झालर उरली होती. मी त्या चित्राकडे पाहतच राहिलो, कारण ते हुबेहूब आमचे बाबा.

त्यांनी समजावलं ते असं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचा आणखी तिखट हार्मोन बनतो. ज्यांच्या टाळूची मुळं आनुवंशिकतेने त्याला घाबरतात, त्यांची मुळं आकसत जातात, केस दरवेळी आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, शेवटी लव. आईकडून येतं असं सगळे म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे, कारण एक महत्त्वाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो; पण बाकीचे बरेच जीन दोन्हीकडून येतात. मी घरी येऊन हे सांगितल्यावर आईने पहिल्यांदाच विज्ञानाचं कौतुक केलं.

उपाय दोन. पहिला मिनॉक्सिडिल, डोक्याला लावायचं औषध. मुळात ही ब्लडप्रेशरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले, तेव्हा कोणाला तरी वाटलं, मग हवे तिथेच लावून पाहू. दिवसातून दोनदा चोळायचं, आणि पहिले काही आठवडे केस आणखी गळू शकतात. मी दचकलो. डॉक्टर म्हणाल्या, "जुने जातात, मग नवे येतात." आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता करायला आधीचा चांगला डांबरी रस्ता उखडला होता, तेव्हाही हेच सांगितलं होतं. पावसाळा संपला तरी आम्ही गिट्टीवरून गाड्या काढत होतो.

दुसरा फिनास्टराइड. रोज एक मिलिग्रॅमची गोळी. अमेरिकेत केसांसाठी तिला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली. ती डीएचटी बनवणाऱ्या एन्झाइमला अडवते, रक्तातला डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने खाली येतो. यामागची गोष्ट मी रात्री जागून वाचली. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात काही मुलगे जन्मतः या एन्झाइमविना असतात. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर लिहिलं. मोठेपणी त्यांना ना टक्कल पडतं, ना त्यांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढते. त्याआधी, १९४२ मध्ये, हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की वयात येण्याआधी खच्चीकरण झालेल्यांनाही टक्कल पडत नाही. हा उपाय डॉक्टरांनी मला सुचवला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पण त्याच्याच बाजूचं काहीतरी त्यांनी सुचवलंय की काय, हा किडा डोक्यात शिरला. कारण पुढचं वाक्य होतं, "काहींना इच्छा कमी होणं, तसा त्रास होऊ शकतो." 'तसा' म्हणताना त्या कॉम्प्युटरकडे पाहत होत्या, मी छताच्या पंख्याकडे. चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्या हजारातल्या ३८ जणांना लैंगिक तक्रारी झाल्या. बहुतेकांच्या गोळी थांबवल्यावर गेल्या. काहींनी मात्र नंतरही टिकल्याचं सांगितलं आहे. मन फार उदास झालं तर लगेच थांबवून मला भेटायचं, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. आणि गोळी थांबवली की राखलेले केस वर्षभरात हिशेब पुरा करून जातात.

म्हणजे हप्ता आयुष्यभर, आणि मुद्दल कधीच आपलं नाही. असं कर्ज मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर ऑडिटमध्ये सापडलो असतो.

एक आकडा मात्र मला रात्री दोन वाजता सापडला. त्याच चाचण्यांत ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती, औषधाचा कणही नसलेली, त्यांच्यातही हजारात २१ जणांची तीच तक्रार होती. मी खूप हसलो. काय माणसं असतात, म्हटलं. पिठाची गोळी खाऊन घाबरतात.

काकाजींनी मधेच काटकसरीचा मार्ग काढला. "प्रोस्टेटसाठी हीच गोळी पाच मिलिग्रॅमची येते. तिचे तुकडे करून खा, स्वस्तात पडते." हे वहिनीसमोर म्हणाले. वहिनीला सहावा महिना. फुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हातही लावू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो, हे मी सांगितलं तेव्हा आईने काकाजींकडे असं पाहिलं की त्यांनी चहा अर्धा टाकून चप्पल शोधली.

पण प्रोस्टेट ऐकून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांचा औषधाचा डबा उघडला. तीच. पाच मिलिग्रॅम. बाबा दोन वर्षांपासून ती खाऊन राहिले होते! म्हणजे माझ्या शंकेचं उत्तर घरातच, समोरच्या आरामखुर्चीत, पेपर वाचत बसलेलं.

आता विचारायचं कसं? आमच्या घरात बापलेकांचं बोलणं गाडीचं पीयूसी आणि क्रिकेट या दोनच विषयांवर होतं. मी कूलरमध्ये पाणी भरलं, पंप पाहिला, पुन्हा पाणी भरलं.

"बाबा, ती गोळी... तिचा काही त्रास?"

"कोणती?"

"प्रोस्टेटची."

"नाही. आधी रात्री चारदा उठायचो, आता दोनदा. डॉक्टरने सांगितलं, पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला की आकडा दुप्पट धरायचा. या गोळीनं तो निम्मा दिसते म्हणे."

"नाही, म्हणजे... बाकी काही फरक?"

"बाकी म्हणजे?"

"म्हणजे... एकंदरीत."

बाबांनी पेपर खाली केला. चष्म्यावरून माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग कपाळ जिथे संपायला पाहिजे तिथे. त्यांना सगळं कळलं असावं. पेपर पुन्हा वर गेला आणि त्यामागून आवाज आला, "तुझ्या गाडीचं पीयूसी संपलं का रे?"

त्या रात्री ठरवलं, सुरू करायची. पाकीट आठ दिवसांपासून फ्रिजवर होतं. साडेअकराला लाइट गेली, कूलर थांबला, घरभर कुबट उकाडा. म्हटलं, अंधारात बरं आहे, कोणी विचारणार नाही. चाचपडत पट्टी काढली, गोळी फोडली, माठातलं पाणी प्यालो आणि पडलो.

दहा मिनिटांत छाती जड. अर्ध्या तासात उदास, इतकं की जुन्या कॉलेजातली एक मुलगी आठवली आणि काहीच वाटलं नाही. बापरे, म्हटलं, एका गोळीत? घामाने गादी ओली, मन खचलेलं, इच्छा नावाची गोष्ट शोधूनही सापडेना. ती चाचपून पाहायला मी ज्या ज्या गोष्टी आठवल्या त्या इथे लिहीत नाही. पहाटे चारला लाइट आली तेव्हा मी गोळी कायमची सोडायचा निर्णय घेऊन मोकळा झालो होतो.

सकाळी फ्रिजवरून पाकीट उचललं, फेकायला. पट्टी काढली. दहाच्या दहा गोळ्या जागच्या जागी, चांदी कुठे फुटलेली नाही.

मी ती पुन्हा मोजत होतो तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"काऊन रे, माझ्या ॲसिडिटीच्या गोळ्यातली एक कमी आहे. काल पुन्हा तर्री-पोहे हाणून आला का?"