ट्रेडमिलची मोटर घ्या, पण तिचा बोर्ड फेकू नका

गोव्यातल्या हौशी कारागिरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक सल्ला फिरतोय. ‘भंगारातल्या ट्रेडमिलची मोटर काढा, बोर्ड (वेग सांभाळणारं सर्किट) फेका, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि पंख्याचा रेग्युलेटर जोडा, ३ एचपीचा लेथ तयार, पुलीचीही गरज नाही.’ मोटर वापरावी हे मला मनापासून पटतं. पर्वरी-ताळगावच्या फ्लॅटांतून निघालेल्या ट्रेडमिलचा अनेकदा फक्त पट्टा किंवा डिस्प्ले गेलेला असतो, मोटर ठणठणीत असते. पण बाकीचा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यातला काही भाग जीवघेणा.

‘३ एचपी’ म्हणजे बहुधा क्षणभराचा जोर. लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणून पाहा. १८० व्होल्ट आणि ७ अँपिअर असेल तर १२६० वॅट, म्हणजे जेमतेम १.७ एचपी, तेही मोटर खाते ते, शाफ्टवर त्याहून कमीच मिळतं. घरच्या लेथला किंवा बेल्ट ग्राइंडरला तेवढं भरपूर आहे.

बोर्ड फेकण्याचा सल्ला सर्वांत घातक. २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की सरासरी २०७ व्होल्ट डीसी मिळतो, कपॅसिटर जोडला तर बिनलोडाचा ३२५ पर्यंत चढतो. १८० व्होल्टची मोटर त्यावर सुसाट पळते. सुरू होताना वाइंडिंगचा रोध अगदी कमी, त्यामुळे करंटचा असा झटका बसतो की एमसीबी पडते, वर चुंबकांची शक्ती घटण्याचाही धोका. बोर्ड हा झटका आवरतो, वेग हळूहळू चढवतो. पंख्याचा रेग्युलेटर ७०-७५ वॅटच्या पंख्यासाठी असतो. हा भार त्याला झेपणारच नाही. शिवाय साधं बटण डीसीच्या बाजूला लावू नका, ठिणगी विझत नाही आणि संपर्क जळतात. स्विच एसीच्या बाजूलाच हवा. बोर्डाला जोडलेला वेगाचा नॉबही बऱ्याचदा थेट मेन्सशी जोडलेला असतो. म्हणून नॉब प्लास्टिकचा हवा आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग हवंच.

‘पुली नको’ हे तर मोटरच्या स्वभावाविरुद्ध आहे. डीसी मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, करंटवर ठरतो, वेगावर नाही. त्यामुळे बोर्डाने वेग चौथाई केला की टॉर्क वाढत नाही, आणि एकूण ताकद (वॅट) चौथाईच उरते. त्यात शाफ्टवरचा पंखा मंदावतो आणि मोटर तापते. चार हजार आरपीएमची मोटर पुलीने १:४ वर उतरवा, मग टॉर्क जवळजवळ चौपट मिळतो. मोठा लाकडी गोळा कातायला हेच लागतं.

फिरण्याची दिशा आधी तपासा. फ्लायव्हील अनेकदा शाफ्टवर आट्यांनी बसवलेलं असतं; उलट फिरवलं तर सुटून निघू शकतं.

मोटर उघडी असते, पंखा हवा आत ओढतो. सागाचा भुसा किंवा करवंटीची धूळ सोबत जाते, ग्राइंडरची लोखंडी धूळ तर चुंबकांना चिकटून बसते. मोटर आडोशाला ठेवा, आणि समुद्राकाठच्या घरात ब्रश (करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) व कम्युटेटर (ते ज्यावर घासतात तो तांब्याचा फिरता भाग) पावसाळ्याआधी पाहा.

पावसाळ्यात वीज जाते-येते. बोर्डाशिवाय जोडलेली मोटर वीज परतताच स्वतःहून फिरू लागते, आणि तेव्हा हात फिरत्या भागाजवळ असू शकतो. म्हणून नो-व्होल्ट रिलीजचं बटण बसवा, म्हणजे वीज परतली तरी तुम्ही दाबेपर्यंत यंत्र बंदच राहील.